सहाच्या खुणेपाशी दोन शब्द

मनगटी घड्याळाच्या तबकडीवर सहाच्या खुणेच्या एका बाजूला ‘स्विस’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मेड’ असे लिहिलेले असते, तेही इतके बारीक की भिंग घ्यावे. या दोन शब्दांवरून घड्याळवेड्यांत दोन तट आहेत. स्विस मेड म्हटले की दर्जाबद्दल बोलायलाच नको, असे पहिल्याचे म्हणणे. दुसऱ्याच्या मते ही निव्वळ धूळफेक आहे: माल सगळा चीनचा, शिक्का तेवढा तिकडचा.

पहिल्यांचा भाबडेपणा स्विस नियमच उघडा पाडतो. १ जानेवारी २०१७ पासून घड्याळाच्या निर्मितीखर्चापैकी किमान ६० टक्के खर्च स्वित्झर्लंडमध्ये व्हावा लागतो. ही टक्केवारी फ्रँकची आहे, सुट्या भागांच्या संख्येची नव्हे. तिथली मजुरी इतकी महाग की जुळणी आणि तपासणीतच बराच वाटा भरतो. मग केस, काच, काटे बाहेरून स्वस्तात आणले तरी हिशेब बसतो. अचूकतेचे म्हणाल, तर क्रोनोमीटरचे प्रमाणपत्र वेगळे मिळवावे लागते. जाहिरातीतली बर्फाची शिखरे या हिशेबात कुठेच येत नाहीत.

पण म्हणून दुसऱ्यांचे खरे ठरत नाही. आतले मशीन स्विस असावे लागते, म्हणजे ते तिथेच जुळवलेले आणि त्याच्या भागांच्या किमतीपैकी किमान निम्मी तिथली. ते केसमध्ये तिथेच बसवावे लागते, शेवटची तपासणीही तिथेच. या अटी पोकळ असत्या तर काही घड्याळांवर ‘मेड’ टाळून नुसते ‘स्विस मूव्हमेंट’ कशाला छापले असते? मशीन स्विस, पण घड्याळ बाहेर जुळवलेले, एवढाच त्याचा अर्थ. ‘जपान मूव्हमेंट’ही त्याच जातीचे. गिऱ्हाईक पहिला शब्द वाचून खूश होते, यात दोष नियमाचा नाही.

अमेरिकेची रीत याहून कडक. तिथे ‘मेड इन यूएसए’ म्हणायचे तर वस्तू जवळजवळ पूर्णपणे तिथलीच हवी. डेट्रॉइटच्या शिनोला या घड्याळ कंपनीची जुळणी तिथली, भाग मात्र परदेशी. २०१६ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने हटकल्यावर कंपनीला जाहिरातीची भाषा बदलावी लागली.

आणि ‘चिनी’ ही शिवी तरी कशाला? तिएनजिनच्या सीगल या चिनी कंपनीचे क्रोनोग्राफ मशीन व्हीनस या स्विस कंपनीच्या आराखड्यावर उभे आहे, ते बनवायची यंत्रसामग्रीही स्वित्झर्लंडहून विकत आणलेली. आपल्या एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरूला घड्याळे सुरू केली ती जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने. म्हणून ती घड्याळे भारतीय नव्हती असे कुणी म्हटले नाही. विद्या कुठून आली हे शिक्का सांगत नाही. तो खर्च आणि काम कुठे झाले तेवढेच सांगतो, आणि तेवढ्यापुरता तो खरा आहे.

एच. मोझर या स्विस कंपनीने २०१७ मध्ये हा शिक्काच काढून टाकला. आमची घड्याळे ९५ टक्क्यांहून अधिक स्विस, मग साठवाल्यांच्या पंगतीत का बसायचे, असा त्यांचा रोख. राग रास्त, उपाय चुकीचा. साठ ही किमान मर्यादा आहे. पंच्याण्णववाल्याने शिक्का ठेवून शेजारी स्वतःचा आकडा छापावा. तबकडीवर जागा नसेल तर मागच्या झाकणावर भरपूर आहे.