एक क्रियापद, तीन कुळे

हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त अनेक जैन कुटुंबे बेल्जियममधील अँटवर्प नगरीत स्थायिक झाली आहेत. तेथील शाळांत डच भाषा शिकवली जाते, आणि आरंभीच्या धड्यांतच एक क्रियापद नवशिक्याची परीक्षा पाहते. मूळ रूप ‘झेइन’, म्हणजे असणे. पण ‘मी आहे’ म्हणताना ‘बेन’, ‘तो आहे’ म्हणताना ‘इस’, ‘तो होता’ म्हणताना ‘वस’ आणि ‘ते होते’ म्हणताना ‘वारन’. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. ‘अनियमित’ असा शिक्का मारून विद्यार्थी ते पाठ करतो.

हा शिक्का अन्यायाचा आहे. तीन पेढ्यांनी भागीदारी करावी, पाटी एकच लागावी, पण प्रत्येकीच्या वह्या जुन्याच वळणाच्या राहाव्यात, तसा हा प्रकार. ‘इस’ आणि ‘झेइन’ ही संस्कृत ‘अस्ति’, ‘सन्ति’ यांची भावंडे. ‘बेन’ हे ‘भू’ धातूच्या कुळातले. तर ‘वस’ हा आपल्या ‘वस्’चा, म्हणजे वस्ती आणि निवास यांचा आप्त. त्याचा मूळ अर्थ राहणे, मुक्काम करणे. मुक्कामाचा शब्दच पुढे ‘होता’ या अर्थाने स्थिरावला. यावरून डच संस्कृतातून निघाली असे मात्र कोणी समजू नये. दोघींचा पूर्वज एक, एवढेच.

याच ‘वस्’चे ‘वेझन’ हे जुने रूप डचमध्ये अजून टिकून आहे. ते ‘असणे’ या अर्थीही येते आणि नाम म्हणून ‘जीव’, ‘सत्त्व’ या अर्थांनीही.

मग ‘वस’च्या अनेकवचनात स जाऊन र कोठून आला? डॅनिश पंडित कार्ल व्हर्नर यांनी 1875 साली लिहिलेल्या निबंधात अशा बदलांचा उलगडा केला. प्राचीन काळी शब्दातील आघात एकवचनात धातूवर व अनेकवचनात प्रत्ययावर पडे. आघात पुढे सरकला की स मृदू होई आणि कालांतराने त्याचा र बने. जर्मानिक भाषांतून तो आघात केव्हाच लोपला होता. त्याची साक्ष व्हर्नर यांना मिळाली ती वैदिक संस्कृताच्या स्वरांत.

अशी भागीदारी आपल्याकडेही जुनीच. वर्तमानकाळी ‘अस्ति’ म्हणणारे संस्कृत भविष्यकाळी ‘भविष्यति’कडे वळते, आणि पाणिनीने ‘अस्’च्या जागी ‘भू’ आणण्याचा नियमच घालून दिला आहे. मराठी बालकही ‘आहे’नंतर, न अडखळता, ‘भू’च्याच कुळातला ‘होता’ उच्चारते.