शांत संगणकाची निवड

घरी संगणक जुळवू पाहणारा मनुष्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये गेला, की प्रथम प्रोसेसरचीच चौकशी करतो. पैसा तेथे सढळ हाताने खर्च होतो. उरलेल्या रकमेत पेटी, पंखे आणि पॉवर सप्लाय कसेबसे उरकले जातात. ही काटकसर चुकीच्या जागी होते. एका खोलीच्या संसारात मूल झोपल्यावर अभ्यासाला बसणाऱ्या आईला गतीइतकीच शांतताही हवी असते, आणि ती याच दुर्लक्षित वस्तूंवर अवलंबून असते.

संगणकाने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णता होते. १०० वॅट घेणारा प्रोसेसर १०० वॅटच्या जुन्या दिव्याइतका तापतो, तोही नखाएवढ्या तुकड्यातून. ही उष्णता हवेने वाहून न्यावी लागते. ८० मिलिमीटरचा पंखा त्यासाठी वेगाने फिरतो व घरघरतो. १४० मिलिमीटरचा पंखा तेवढीच हवा संथपणे हलवतो. जाड, बंदिस्त पेटी आवाज कोंडते खरी, पण उष्णताही कोंडते. विदर्भातील मे महिन्यात तर खोलीच ४० अंशांवर असते, आणि कोणताही पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही.

फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी घेतली, की एक आवाज मुळातच संपतो. त्यापुढे प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा आणि वाचलेल्या रकमेत मोठा हीटसिंक व जाळीदार पेटी घ्यावी. दुकानदार बहुधा उलटच सुचवील.