कर्कश स्वराची कुळकथा

आमच्या घरीं माडीवरची मागची खोली आमच्या पुतण्याची. चिरंजीव अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत आहेत. अभ्यास करतांना ते कानांत यंत्र घालून कांहीं ना कांहीं ऐकत असतात. त्यामुळें ते काय ऐकतात याची चौकशी करण्याचा प्रसंग घरांत कोणावर आजवर आला नव्हता. २०२५ सालच्या सप्टेंबरांत, पितृपंधरवडा चालू असतांना, एके सायंकाळीं मात्र त्या खोलींतून अशी कांहीं गर्जना बाहेर आली कीं, देवघरांत वाती वळीत बसलेल्या आमच्या मातोश्री दचकल्या. त्यांनीं जिन्याशीं येऊन विचारलें, "वर कोणाचें पोट बिघडलें आहे का रे?"

सर्वजण हंसले. चिरंजीव हंसले नाहींत. ते खालीं आले व म्हणाले, "आजी, तो गातो आहे. म्हणजे गात होता. परवां वारला." एवढें बोलून ते पुन्हां वर गेले, आणि त्या रात्रीं पानावरून अर्धपोटींच उठले.

तरुण पिढीच्या आवडीनिवडीवर या सदरांत आम्हीं अनेकदां लिहिलें आहे, आणि त्यांत थट्टेचा वांटाही पुष्कळ असे. परंतु घरांतला एक मुलगा दुःखांत असावा, आणि घराला त्याचा पत्ताही नसावा, ही गोष्ट आमच्या मनाला लागली. दुसऱ्या दिवशीं आम्ही स्वतः माडी चढलों आणि तो मनुष्य कोण हें विचारलें. त्यानंतर आम्हीं जें ऐकलें व वाचलें, तेंच आज वाचकांपुढें मांडीत आहों.

त्या गायकाचें नांव तोमास लिंडबर्ग; मित्रमंडळींत ‘टोम्पा’. जन्म १९७२ चा. कर्मभूमि स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोथेनबर्ग. लोकसंख्येनें हें त्या देशांतील दुसरें शहर. बंदराचें, जहाजबांधणीचें आणि व्होल्व्हो मोटारींचें. लिंडबर्ग ज्या प्रकारचें गाणें गात, त्याला ‘मेलॉडिक डेथ मेटल’ म्हणतात. त्यांतील ‘डेथ मेटल’ हें मूळ घराणें. १९८० नंतरच्या दशकांत तें अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत वाढलें आणि लौकरच स्टॉकहोमच्या पोरांनीं उचललें. ड्रमचा अतिवेगवान मारा, विजेच्या साहाय्यानें मुद्दाम खरखरीत केलेला गिटारीचा नाद, मृत्यूसारखे विषय आणि गायकाची घशांतून येणारी गर्जना, हीं त्याचीं लक्षणें. गोथेनबर्गच्या मुलांनीं ही गर्जना तशीच ठेविली. पण तिच्या भोंवतीं सुरावटी आणून बसविल्या. दोन गिटारींनीं एकच चाल थोड्या अंतरानें बरोबर वाजवावयाची, ही आयर्न मेडन या इंग्रज बँडची रीत त्यांनीं घेतली, आणि तिच्यांत उत्तरेकडील लोकगीतांची छटा मिसळली.

आमच्यासारख्यांस हें गाणें कां रुचत नाहीं, याचा उलगडा आम्हांस येथें झाला. आपल्या बैठकींत गळा गातो आणि पेटी वा सारंगी त्याच्या मागून जाते. येथें सारा प्रकार उलटा आहे. गाण्याचें काम गिटारींकडे आणि गळ्याकडे केवळ शब्द व आघात. आपण गळ्यांत सूर शोधतों, तो तेथें मिळत नाहीं, आणि जेथें तो आहे तिकडे आपलें लक्षच जात नाहीं. पुतण्यानें "काका, गायकाला सोडा आणि फक्त गिटारी ऐका," असें सांगितलें. तसें केल्यावर पहिल्यानेंच एक उदास आणि चांगली बांधलेली चाल आमच्या कानीं पडली.

आतां त्या गळ्याविषयीं. तो आवाज म्हणजे केवळ आरडाओरड, ही समजूत चुकीची आहे. आपल्या कंठांत ज्या स्वरतंतूंनीं आपण बोलतों व गातों, त्यांच्या वरच्या बाजूस आणखी दोन घड्या असतात. एरव्हीं त्या बाजूला स्वस्थ असतात. गर्जना करणारा गायक त्या जवळ आणतो व कंपित करतो. यासाठीं श्वास पोटांतून आणि मोजका सोडावा लागतो. नुसता घसा ताणला तर थोड्याच दिवसांत आवाज बसतो. इटलीच्या सार्डिनिया बेटांतील मेंढपाळ चौघे मिळून जें पारंपरिक गाणें गातात, त्यांतला खालच्या पट्टीचा गायक याच घड्यांचा उपयोग करतो, आणि त्या परंपरेचा युनेस्कोनें २००५ सालीं गौरव केला. लिंडबर्ग यांचा आवाज मात्र खोल घुरघुरीचा नव्हे. तो उंच, फाटलेला, दुखावलेल्या माणसासारखा. त्याचें मूळ ‘पंक’ या दुसऱ्याच बंडखोर गाण्यांत होतें. पुढें ‘डिसफियर’ नांवाच्या एका पंक बँडमध्येंही ते अनेक वर्षें गाइले.

१९९० सालीं ‘अ‍ॅट द गेट्स’ हा त्यांचा बँड उभा राहिला. अँडर्स व योनास ब्यॉर्लर हे जुळे भाऊ, एक गिटारीवर व दुसरा बेसवर. ड्रमवर आद्रियान एर्लांडसन. आणि गळ्याचें काम लिंडबर्ग यांचें. गांवांत त्याच वयाच्या मुलांचे आणखी दोन बँड होते, ‘डार्क ट्रँक्विलिटी’ आणि ‘इन फ्लेम्स’. या मंडळींचा शेजारधर्म आपल्या वाड्यांतल्यासारखाच दिसतो. १९९३ सालीं ‘डार्क ट्रँक्विलिटी’च्या पहिल्या अल्बमवर अँडर्स फ्रीडेन यांचा आवाज होता. पुढच्याच वर्षीं त्याच बँडचे गिटारवादक मिकाएल स्टाने यांनीं ‘इन फ्लेम्स’च्या पहिल्या अल्बमला आपला गळा उसना दिला. मग फ्रीडेन कायमचे ‘इन फ्लेम्स’कडे गेले आणि स्टाने आपल्या घरीं गायक झाले. विरजणाची वाटी या घरांतून त्या घरांत जावी, तसा हा प्रकार. या तिन्ही बँडचे १९९५–९६ मधील गाजलेले अल्बमही फ्रेडमन या एकाच ध्वनिमुद्रणगृहांत तयार झाले.

त्यांपैकीं ‘अ‍ॅट द गेट्स’चा १९९५ चा अल्बम ‘स्लॉटर ऑफ द सोल’. सारा मिळून सुमारें ३४ मिनिटांचा. आपल्याकडे एखाद्या गवयाचा विलंबित ख्याल तेवढ्यांत संपणार नाहीं. त्यानें बँडला नांव मिळवून दिलें, आणि अमेरिकेपर्यंतचे दौरेही घडविले. बँडचें दौऱ्यावरील जिणें एकत्र कुटुंबाहूनही अवघड असतें. आपल्या घरीं निदान माडी व ओटी वेगळी असते. तेथें एकाच गाडींत निजणें, एकाच गाडींत जेवणें, आणि तासभराच्या गाण्यासाठीं उरलेला दिवस एकमेकांचीं तोंडें पाहत बसणें. मिळकत थोडी, आणि तिचे वांटेकरी पांच. १९९६ सालीं अँडर्स बाहेर पडले आणि बँड मोडला. ऐन भरांत आलेलें घर एका वर्षांत विभक्त झालें.

विशेष हें कीं, त्यांची खरी कीर्ति त्यानंतर वाढली. २००० नंतर अमेरिकेंत तरुणांचे कितीतरी बँड ‘स्लॉटर ऑफ द सोल’ घोकून उभे राहिले, आणि ज्यांचें अनुकरण चाललें होतें तो बँड मात्र अस्तित्वांत नव्हता. अशा वेळीं मागच्या हिशेबांची उकरउकर करून भाऊबंद कोर्टाची पायरी चढल्याचीं उदाहरणें आपल्या परिचयाचीं आहेत. हे पांच जण २००८ सालीं पुन्हां एका रंगमंचावर आले. २०१४ सालीं, म्हणजे तब्बल १९ वर्षांनीं, त्यांनीं नवा अल्बम काढला. २०१७ सालीं अँडर्स पुन्हां निराळे झाले, आणि २०२२ सालीं परत आले. दार दोन्ही वेळां उघडेंच होतें. आम्हांस या साऱ्या कथेंत हा भाग सर्वांत शिकण्यासारखा वाटला. निघून गेलेल्याविषयीं चारचौघांत वाईट बोललें नाहीं, म्हणजे त्याला परत येतांना मान खालीं घालावी लागत नाहीं.

मधल्या काळांत लिंडबर्ग काय करीत होते? हें ऐकून आमच्या वहिनींनीं हातांतील सूप खालीं ठेविलें. ते शाळेंत मास्तर होते. मुलांना समाजविद्या शिकवीत. बँड पुन्हां जुळल्यावरही त्यांची ओळख शिक्षक अशीच राहिली. आणि शिक्षकाच्या अंगीं वाचनाची जी चट असावी, ती त्यांच्या गाण्यांत उतरली. २०१४ च्या अल्बमची कल्पना त्यांनीं दक्षिण अमेरिकेंतील जादुई वास्तववादी लेखकांकडून घेतली. त्यांतील ‘द सर्क्युलर रुइन्स’ व ‘द बुक ऑफ सँड’ हीं नांवें अर्जेंटिनाच्या बोर्हेस यांच्या कथांचीं, आणि ‘हीरोज अँड टूम्स’ हें साबातो यांच्या कादंबरीचें. २०१८ च्या अल्बममागें पेटर वाइस यांची तीन खंडांची कादंबरी होती. नाझी राजवटीला विरोध करणारे कामगार तरुण जुनीं शिल्पें व चित्रें पाहून त्यांतून बळ कसें घेतात, हा तिचा विषय. २०२१ चा अल्बम निराशावादी तत्त्वज्ञानाच्या वाचनांतून निघाला. आमच्या मातोश्रींनीं ज्याचें पोट बिघडलें असें म्हटलें, तो मनुष्य एवढीं पुस्तकें पचवून बसला होता!

आमच्या घरांत असा प्रश्न निघाला कीं, इतकें वाचणाऱ्या माणसानें तें सरळ, गोड भाषेंत कां सांगूं नये? त्यावर चिरंजीवांनीं दिलेलें उत्तर आम्हांस पटलें. ते म्हणाले, "काका, वर्गांत तो तें सरळच सांगत असणार. पण सगळें सरळ सांगून संपतें का?" एकाच माणसाला दिवसां समजावणारा आवाज लागतो आणि रात्रीं किंकाळणारा. दोन्ही त्याचेच, आणि एकानें दुसऱ्याला खोटें पाडलें नाहीं.

आतां शेवटची हकीकत. २०२३ सालच्या डिसेंबरांत लिंडबर्ग यांस तोंडांतील ग्रंथींचा एक दुर्मिळ कर्करोग झाल्याचें निघालें. टाळूचा मोठा भाग काढून टाकावा लागणार होता. गायकाचा टाळू म्हणजे त्याच्या वाद्याचा भोपळा. तो गेल्यावर शब्द कसे उमटतील हें कोणी सांगूं शकत नव्हतें. नवा अल्बम तेव्हां तयार होत होता. शस्त्रक्रियेपूर्वीं ते ध्वनिमुद्रणाला उभे राहिले आणि साऱ्या गाण्यांचा आवाज त्यांनीं एकाच दिवसांत भरून दिला. मग २०२४ सालीं शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. पण रोग उलटला. १६ सप्टेंबर २०२५ रोजीं, वयाच्या ५२ व्या वर्षीं, ते वारले. त्या एका दिवसाचा विचार आमच्या मनांतून जात नाहीं. आपलें उद्यां काय होणार हें ठाऊक असतांना त्यांनीं आपल्या वांट्याचें काम पुरें केलें, सोबत्यांना अडवून ठेविलें नाहीं.

ही हकीकत आम्हीं रात्रीं जेवणें झाल्यावर ओटीवर सर्वांस सांगितली. चिरंजीवांनीं त्यांत भर घातली कीं, असे बँड आपल्या मुंबईंतही आहेत. ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा तेथें २००० सालीं सुरू झालेला बँड. त्यानें २०१७ सालीं ‘दशावतार’ नांवाचा अल्बम काढला, आणि त्यांत मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर गाणें आहे. मातोश्री इतका वेळ गप्प होत्या. आमचें कुलदैवत नीरा-नरसिंहपूरचें. त्या म्हणाल्या, "मग त्यांत काय नवल? खांबांतून निघाला तो काय मुरली वाजवीत निघाला होता?"

थोड्या वेळानें त्यांनीं नातवाला जवळ बोलावून विचारलें, "त्या तुझ्या मास्तराच्या मागें कोण आहे रे?"

"बँडमधले चौघे आहेत, आजी. दोघे जुळे भाऊ, आणि आणखी दोघे."

"असूं दे. चौघे आहेत, तर निभेल," त्या म्हणाल्या आणि आंत गेल्या.

आम्हांस तें गाणें आतां आवडूं लागलें, असें आम्ही म्हणणार नाहीं. त्या वयाचे कान आम्हांस नाहींत. परंतु आमच्या वाचकांच्या घरींही अशी एखादी बंद खोली असेल, आणि तिच्यांतून न समजणारे आवाज येत असतील. त्या दारावर थाप मारून "आवाज कमी कर" म्हणणें सोपें आहे, आणि कधीं कधीं तें आवश्यकही असतें. पण वर्षांतून एकदां तरी आंत जाऊन बसावें आणि हा कोण गातो आहे व काय म्हणतो आहे, हें मुलाकडूनच समजून घ्यावें. आम्हीं तें त्या माणसाच्या मरणानंतर केलें. आमच्या चिरंजीवांच्या पानावर त्या रात्रीं उरलेलें अन्न आम्हांस अजून दिसतें.