शास्त्रीय स्फुटें : क्ष-किरण आणि प्रथिनांतील धातु

दहीं लागलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं विरजणाचें भांडें घटकेघटकेस हालविलें, तर दहीं धड लागत नाहीं, हें घरांतील कोणतीहि वडील बाई सांगेल. पाहण्याच्या उतावळेपणानेंच पाहावयाची वस्तु बिघडते. प्रयोगशाळेंतहि असाच एक प्रकार घडतो. तो वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं आज योजिलें आहे.

आपल्या शरीरांतील कित्येक प्रथिनांचें काम धातूच्या एखाददुसऱ्या अणूवर अवलंबून असतें. लोहावांचून रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायु वाहूं शकत नाहीं. कै. कमलाबाई सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) ह्यांनीं केंब्रिज येथें बटाट्यावर काम करीत असतां, सायटोक्रोम-सी हें लोहयुक्त द्रव्य वनस्पतींच्या पेशींतहि असतें असें दाखवून दिलें व १९३९ सालीं तेथील डॉक्टरेट मिळविली, हें पुष्कळांस ठाऊक असेल. ह्या प्रथिनांतील लोह एक इलेक्ट्रॉन घेतें आणि पुढें देतें. पेशींच्या श्वसनांत ही देवघेव अखंड चालू असते. इलेक्ट्रॉन घेतलेलें लोह आणि न घेतलेलें लोह हीं एकाच धातूचीं दोन निराळीं रूपें होत, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील गोष्ट सहज कळेल.

प्रथिनाची अंतर्रचना पाहावयाची तर प्रथम त्याचा स्फटिक तयार करावा लागतो. मग त्यावर क्ष-किरण सोडून, ते कोणकोणत्या दिशांना फांकतात ह्यावरून अणूंच्या जागा गणितानें काढतात. कमलाबाईंच्या जन्मगांवीं, म्हणजे इंदुरास, 'इंडस-२' नांवाचें सुमारें १७२ मीटर घेराचें वर्तुळाकार यंत्र आहे. त्यांतून निघणाऱ्या प्रखर क्ष-किरणांचा उपयोग करण्यासाठीं आमच्या चेंबूरपलीकडील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें प्रथिन-स्फटिकांकरितां एक स्वतंत्र किरणमार्ग उभारला आहे.

आतां विरजणाची गोष्ट येथें लागू पडते ती अशी. बहुतेक क्ष-किरण स्फटिकांतून आरपार निघून जातात. जे अडतात, त्यांतील बहुसंख्य चित्राच्या उपयोगीं न पडतां तेथेंच शोषले जातात. शोषला गेलेला प्रत्येक किरणकण एक इलेक्ट्रॉन जोरानें बाहेर फेकतो, व तो वाटेंत आणखी शेंकडों इलेक्ट्रॉन सुटे करतो. इलेक्ट्रॉन घेणें हाच ज्याचा धर्म, तो धातु ह्या भटक्यांना लगेच आश्रय देतो. चित्र काढावयाचें एका रूपाचें, आणि निघतें दुसऱ्याचें! स्फटिक शून्याखालीं १७३ अंशांपर्यंत थंड केला असतां इतर नासाडी पुष्कळ मंदावते. पण इलेक्ट्रॉनांची धांव त्या थंडींतहि थांबत नाहीं. स्फटिक वरून शाबूत, किरणांचे ठिपके स्वच्छ, आणि आंतील धातु मात्र केव्हांच पालटलेला, अशी स्थिति होते. (अंधेरी-घाटकोपरच्या दवाखान्यांत छातीचें चित्र काढून आलेल्या मंडळींनीं घाबरण्याचें कारण नाहीं, स्फटिकास मिळणारी मात्रा त्याहून अब्जावधि पटींनीं मोठी असते.)

ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे. हिरव्या पानांत पाण्यापासून प्राणवायु मोकळा करणारी जी रचना आहे, तींत मँगॅनीजचे चार अणु असतात. स्फटिकाचें चित्र घेण्यास लागणाऱ्या क्ष-किरणांनींच ह्या मँगॅनीजचें रूप पालटतें, असें २००५ सालीं सिद्ध झालें, आणि तोंवर प्रसिद्ध झालेल्या चित्रांतील नेमक्या त्याच महत्त्वाच्या जागेबद्दल शंका उत्पन्न झाली. पुढें २०१५ सालीं जपानी संशोधकांनीं, सेकंदाचे शंभर लक्ष कोटि भाग केले असतां त्यांतील सुमारें एका भागाइतकाच टिकणारा झोत वापरून, नासाडी होण्यापूर्वींच चित्र घेतलें. तेव्हां मँगॅनीजच्या अणूंमधील अंतरें पूर्वींपेक्षां किंचित् कमी भरलीं.

असलें यंत्र सर्वांना कोठून मिळणार? पण साधे उपाय आहेत. एकाच स्फटिकावर सारा मारा न करितां अनेकांवर थोडथोडा करावा. आणि धातूचें रूप पालटलें म्हणजे बहुधा स्फटिकाचा रंगहि पालटतो, म्हणून चित्र घेतांना रंगाचीहि परीक्षा करीत जावें. अशा चित्रांवर विसंबून औषधें योजिलीं जातात. तेव्हां ही काळजी कांहीं पंडिती हौस नव्हे.

आमच्या घरांतील मुलें-मुली आज ह्या शास्त्रांत शिरत आहेत. त्यांना आमचें सांगणें इतकेंच कीं, पाहतांना वस्तूस आपला धक्का लागतो ह्यांत लाज नाहीं. तो कोठें व किती लागला हें मोजून चित्राबरोबरच नमूद न करणें ह्यांत मात्र आहे.