रॉकेटची नळी

रॉकेट उडताना तुम्ही दूरदर्शनवर पाहिले असेल. सगळ्यांचे डोळे खालच्या ज्वाळेकडे लागलेले असतात. नळीकडे कोणी पाहत नाही. खरे तर रॉकेट म्हणजे मुळात एक नळीच असते. भारतात बनवलेले पहिले रॉकेट 1967 साली केरळातील थुंबा येथून उडाले. त्याचे नाव रोहिणी-75. यातील 75 हा आकडा म्हणजे नळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये!

मागील वर्षी आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी रॉकेटची प्रतिकृती करायचे ठरवले. आठ दिवसांनी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, माझे नाव काढून टाका. नळी मिळत नाही." परदेशात अशा नळ्या संचासोबत तयार मिळतात. आपल्याकडे त्या मागवाव्या लागतात, आणि त्यांची किंमत तिच्या घरच्यांना परवडणारी नव्हती.

मला हसूही आले आणि वाईटही वाटले. आपण राहतो पिंपरी-चिंचवडमध्ये. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्यानंतर या परिसरात कारखान्यांची रांग लागली. ती आता चाकणच्याही पुढे गेली आहे. इथे प्लास्टिकचा पातळ कागद, चिकटपट्टी, कापड असे सगळे पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून येते आणि माल संपला की नळी रद्दीत जाते. (घरी आपण ज्याला गत्ता म्हणतो, तोच पुठ्ठा. रद्दी मात्र दोन्ही भाषांत रद्दीच!) अशा गावात एका मुलीला नळी मिळू नये?

एका रविवारी मी स्वतः शोधायला निघालो. भोसरीहून नाशिक रस्त्याने मोशी आणि मग चाकण. रद्दीवाल्याकडे नळ्यांचा ढीग होता. त्याने एक नळी फुकट दिली. घरी आणून तिचा हातभर तुकडा कापला आणि वजन केले, तर ते पाव किलोहून अधिक भरले! ती नळी जड रीळ पेलण्यासाठी बनवलेली होती, उडण्यासाठी नव्हे. मग नळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात गेलो. तिथले गृहस्थ भले होते. त्यांनी चहा पाजला. पण पातळ नळी हवी असेल तर पाचशे नग घ्यावे लागतील, असे म्हणाले. त्यांचेही बरोबरच होते. एका नळीसाठी यंत्र कोण लावणार?

एका सहकाऱ्याने सुचवले, "प्लास्टिकचा पाइप घ्या ना! नाहीतर पत्र्याची नळी." हे मला मुळीच मान्य नाही. तुम्हीही ऐकू नका. नळी फुटली तर कागद फाटतो, पण पत्र्याचे आणि कडक प्लास्टिकचे तुकडे डोळ्यांत जातात. टिपू सुलतानच्या रॉकेटांची नळी लोखंडी होती, हे खरे आहे. 1780 साली पोल्लिलूरच्या लढाईत हैदरअली आणि टिपू यांच्या सैन्याने ती इंग्रजांवर सोडली. लोखंड अधिक दाब सहन करते, म्हणून ती दूर जात. पण ते युद्ध होते. आपल्याच पुणे जिल्ह्यात वालचंदनगर येथे अवकाश रॉकेटांची पोलादी कवचे बनतात, तीही जाणकारांच्या देखरेखीखाली. शाळेच्या मैदानावर धातूचे काम नाही आणि फटाक्यांच्या दारूचे तर नाहीच नाही. परवान्याशिवाय स्फोटके बनवणे 1884 च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमचे हात आणि डोळे.

मग आम्ही नळी घरीच गुंडाळली. वीजतंत्रीकडे 25 मिलिमीटरचा पाइप मिळतो. हा पाइप फक्त साचा, तो उडवायचा नाही. त्याच्यावर आधी एक साधा कागद गुंडाळला, म्हणजे तयार नळी थोडी सैल होते. वर दुसरा कागद घेतला. त्याचा पहिला वेढा कोरडा ठेवला आणि पुढे खळ लावली. (आपण तिला लेई म्हणतो.) वहीच्या मोठ्या पानाएवढ्या कागदाचे साधारण अडीच वेढे बसतात. अशा कागदाचे वजन असते पाच ग्रॅम! नळी अर्धवट ओली असतानाच हळूच फिरवून काढावी, नाहीतर अडकते. पहिल्या तीन अडकल्या. चौथी आम्ही उन्हात ठेवली, ती केळ्यासारखी वाकली. पाचवी सावलीत उभी करून वाळवली.

उडवण्यासाठी शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली घेतली. तिचे तोंड सायकलच्या जुन्या ट्यूबने त्याच पाइपाला जोडले. नळीचे टोक कागदी शंकूने बंद करून ती पाइपावर बसवली आणि बाटलीवर जोरात पाय दिला. रॉकेट शाळेच्या छपरावर जाऊन पडले. (पाइपावर वाकून कोणी पाहायचे नाही, हा नियम मी आधीच घातला होता.)

प्रदर्शनात बक्षीस मात्र दुसऱ्या शाळेच्या चकचकीत विकतच्या संचाला मिळाले. परीक्षकांनी आमच्या मुलीला विचारले, "नळी कुठून आणली?" ती म्हणाली, "मी बनवली." त्यांनी मान डोलावली आणि ते पुढे गेले. पुढचा प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता, असे मला आजही वाटते. कसा गुंडाळलास, किती वेढे, चार का फसल्या? विकतच्या नळीवर असे प्रश्न विचारताच येत नाहीत. प्रदर्शनात गुण द्यायचे असतील, तर ते याच उत्तरांना द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या मुलीने आता 20 मिलिमीटरचा पाइप आणला आहे. नळी बारीक झाली तर रॉकेट अधिक उंच जाईल, असे तिचे म्हणणे आहे. मला शंका आहे, कारण बारीक नळीत हवेला जोर लावायला जागाही कमी मिळते. येत्या शनिवारी मैदानावर दोन्ही उडवून पाहणार आहोत.