भेटीला जाण्यापूर्वी

डॉ. अभय बंग यांना भेटावयास गडचिरोलीला निघालेले विद्यार्थी आधी वडीलधाऱ्यांना विचारतात, ‘त्यांच्याशी काय बोलावे?’ हा प्रश्नच अपुरा आहे. डॉ. बंग यांनीच सांगितलेली हकीकत पाहावी. १९४५ साली त्यांचे वडील, वर्ध्याचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक ठाकुरदास बंग, उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस निघण्यापूर्वी सेवाग्रामला गांधीजींचे आशीर्वाद घ्यावयास गेले. अर्थशास्त्र शिकायचे तर भारतातील खेड्यांत जा, एवढेच गांधीजी म्हणाले. ठाकुरदासजींनी अमेरिकेचा बेत सोडला व ते विद्यार्थ्यांसह खेड्यात राहावयास गेले.

ठरलेला बेत मोडण्याची तयारी नसेल, तर सल्ला मागणे हा निव्वळ उपचार होय. आमच्या विद्यार्थ्यांनीही डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी, घरोघरी नवजात बालकांची काळजी घेणाऱ्या एखाद्या आरोग्यदूत स्त्रीच्या अंगणात बसावे. काय विचारावे, हे मग कोणास विचारावे लागणार नाही.