आधी किल्ली द्या, मग उपदेश करा



"बायका भोळ्या असतात, म्हणून फसतात." हे वाक्य आता इतक्या वेळा ऐकून झालंय की त्याचा राग येण्याऐवजी कंटाळा यायला लागलाय. महिला मंडळात सायबर सुरक्षेवर बोलायला आलेले पाहुणे हेच म्हणतात, घरातला कॉलेजला जाणारा मुलगा हेच म्हणतो. मोबाईल कंपनीचा मेसेजही त्याच सुरात येतो. ओटीपी सांगू नका, लिंक दाबू नका, अनोळख्याशी बोलू नका. सगळे 'नका' आपल्या वाट्याला.

मला हे मान्य नाही. घरातलं धान्य निवडणारी, पाणी गाळल्याशिवाय न वापरणारी, भाजीवाल्याच्या काट्यावर नजर ठेवणारी बाई फोन हातात घेतला की एकाएकी भोळी कशी होते? ती भोळी नसते. तिच्या फोनची आणि घरातल्या इंटरनेटची किल्लीच तिच्या हातात दिलेली नसते. आणि चोरी झाली की सगळे तिलाच विचारतात, कुलूप का लावलं नाहीस?

सिमपासून सुरुवात करू. तुमचा नंबर कोणाच्या नावावर आहे? आज संध्याकाळी घरात विचारून बघा. दहा-बारा वर्षांपूर्वी 'ह्यांनी' आणून दिलेलं सिम, 'ह्यांच्याच' कागदपत्रांवर घेतलेलं. नंबर आपला म्हणून सगळ्या गावाला माहीत, बँकेत तोच, गॅसला तोच, नातवाच्या शाळेत तोच. पण कंपनीच्या दप्तरी त्या नंबराची मालकीण आपण नाहीच.

याने काय बिघडतं? आमच्या नात्यातल्या एका काकींचा फोन प्रवासात हरवला. नवं सिम घ्यायला दुकानात गेल्या, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या." काका जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मग मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, मुलांच्या सह्या. इतके दिवस बँकेचा एकही ओटीपी काकींना मिळाला नाही. स्वतःच्या पेन्शनचे पैसे समोर दिसत होते, पण काढता येत नव्हते.

याची दुसरी बाजू जास्त घातक आहे. माणूस गेला की त्याचा फोन कपाटात जातो आणि रिचार्ज थांबतो. न वापरलेला नंबर काही काळाने बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. बंद झाल्यावर निदान ९० दिवस तो कोणाला देत नाहीत, असं दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. पण ९० दिवस म्हणजे तीन महिने. ज्या घरात कर्ता माणूस गेलाय, त्या घराला बँकेतला जुना नंबर बदलायचं भान यायला तीन महिने पुरतात का? नाही पुरले, तर आपल्या खात्याचे ओटीपी परक्या माणसाच्या खिशात वाजायला लागतात. यात भोळेपणा कुठे आला?

सरकारचं 'संचार साथी' नावाचं पोर्टल मे २०२३ मध्ये सुरू झालं. आपला नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, की आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर 'हा माझा नाही' असं तिथेच कळवता येतं. सोय चांगली आहे. पण तुमचं सिम पतीच्या नावावर असेल तर यादीही त्यांच्या नावाची उघडते. तुमच्या आधारवर कोणी भलत्याने सिम काढलं असेल तर ते तुम्हाला तिथे दिसतच नाही. सुरक्षेची जी खिडकी ठेवली आहे, ती बाईच्या बाजूला उघडतच नाही.

आता घरातलं वायफाय. तार ओढायला मुलगा येतो, पेटी भिंतीला ठोकतो, पासवर्ड म्हणून घरमालकाचा मोबाईल नंबर टाकतो आणि वीस मिनिटांत निघून जातो. तोच नंबर दारावरच्या पाटीवर, सोसायटीच्या यादीत आणि लग्नपत्रिकेत छापलेला असतो. शिवाय त्या पेटीला, म्हणजे राउटरला, वायफायच्या पासवर्डखेरीज आणखी एक पासवर्ड असतो. पेटीची आतली मांडणी बदलायचा तो पासवर्ड. तो पुष्कळदा कारखान्यातून आला तसाच राहतो, आणि तो असतो हे घरात कोणालाच कोणी सांगितलेलं नसतं.

२०१६ साली 'मिराय' नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातल्या घरांतले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते असेच. कोणी काही दाबलं नव्हतं, कोणाला फोनवर काही सांगितलं नव्हतं. कारखान्याचे ठरलेले नाव-पासवर्ड एकेक करून लावून पाहिले आणि दारं उघडली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये याच उपकरणांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच लागू केला, की सगळ्या उपकरणांना एकच आणि सहज ओळखता येणारा पासवर्ड देऊन ती विकता येणार नाहीत. म्हणजे जबाबदारी विकणाऱ्यावर टाकता येते. मग आपल्याकडे तार ओढणाऱ्या कंपनीने "मॅडम, हा पासवर्ड तुम्ही स्वतः टाका" एवढं म्हणायला काय हरकत आहे? पाच मिनिटांचं काम आहे. पण त्या पाच मिनिटांत त्याला पुढची जोडणी करायची असते.

कोणी म्हणेल, कंपन्या तरी काय करणार? पैसे चोर नेतो, कंपनी नाही. पण जिथे वरून दट्ट्या बसला, तिथे मार्ग निघालाच. आपल्याला गोड बोलून *४०१* ने सुरू होणारा आकडा दाबायला लावायचे आणि आपले सगळे फोन चोराकडे वळवायचे, हा प्रकार आठवतो ना? दूरसंचार विभागाने आदेश काढला आणि १५ एप्रिल २०२४ पासून असे आकडे दाबून फोन वळवायची सोयच थांबवण्यात आली. दुसऱ्याच्या नावाचं सिम बदलून घेऊन ओटीपी पळवायचे, तर सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवायचा नियम आला. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. बघा, प्रत्येक वेळी तोड यंत्रणेतच निघाली. बायकांना आणखी दहा व्याख्यानं देऊन ती निघाली नसती.

आणि व्याख्यानांचा तोटाही आहे. 'फसते ती मूर्ख' हे मनावर ठसलं की फसलेली बाई गप्प बसते. सून काय म्हणेल, हे चिडतील, मंडळात हसं होईल. इथे गप्प बसणं फार महाग पडतं. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेला नियम असा : चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशी चोरी तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवली तर ग्राहकाला काही सोसावं लागत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तिचं, पण कळवल्यानंतर जे होईल ते बँकेचं. म्हणजे तोंड लवकर उघडण्यावर सगळं अवलंबून. १९३० या नंबरवरही जितक्या लवकर तक्रार जाईल, तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. जो नवरा किंवा मुलगा "तुला कळत नाही तर हात का लावलास?" म्हणून ओरडतो, तो पुढच्या वेळी तिला तोंड उघडू देत नाही. चोराचं अर्धं काम तो घरबसल्या करतो.

मग आपण काहीच करायचं नाही का? करायचं की. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये हिमाचलच्या पोलिसांनी व्हॉट्सॅपवरून येणाऱ्या खोट्या लग्नपत्रिकांबद्दल सावध केलं होतं. ती पत्रिका नसून एपीके फाइल असते, म्हणजे फोनमध्ये शिरणारं ॲप. आपल्या समाजाच्या ग्रुपवर लग्नसराईत रोज पत्रिका येतात, तेव्हा एवढं लक्षात ठेवूच : पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ. 'इन्स्टॉल करा' म्हणते ती पत्रिका नव्हे. पाठवणारी सख्खी नणंद असली तरी आधी तिला फोन करायचा. तिचाच फोन कोणी ताब्यात घेतलेला असू शकतो.

पण फक्त 'सावध राहा' ऐकून घ्यायचं नाही. यावेळी मागायचं. घरात मागायचं : माझं सिम माझ्या नावावर करा. दोघांची ओळखपत्रं घेऊन कंपनीच्या दुकानात जा आणि नाव बदलायचा अर्ज द्या. बिलाची आणि राउटरची कागदपत्रं कुठे आहेत ते मला दाखवा. दोन्ही पासवर्ड मी बदलणार आणि माझ्या वहीत लिहिणार. घरात कोणी गेलं असेल, तर त्यांचा नंबर बँकेतून निघेपर्यंत रिचार्ज चालू राहील.

कंपनीकडे मागायचं : जोडणी करायला येणाऱ्याने पासवर्ड माझ्यासमोर, माझ्या हाताने बदलून घ्यावा, आणि मराठीत सांगावं. नवऱ्याच्या पश्चात आलेल्या बाईला कोणते कागद लागतात याची यादी भिंतीवर लावावी, तिला चार चकरा मारायला लावू नयेत.

आणि मंडळात पुढच्या वेळी पाहुणे येऊन "भगिनींनो, भोळ्या राहू नका" म्हणाले, की कोणीतरी उठून त्यांना नम्रपणे विचारायचं, "साहेब, तुमच्या घरी बाईंचं सिम कोणाच्या नावावर आहे?"